न चाखलेलं पन्हं

आमच्या घरच्या ठंडाईत भांग नसते, यावर गल्लीतल्या कुणाचाही शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. संकठादेवीच्या देवळामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. खालच्या मजल्यावरच्या मिसिराइन चाची दर होळीला आमच्याकडचा मातीचा पुरवा, म्हणजे पेला, हातात घेत, एक घोट पीत आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "बिना बूटी क ठंडई? ई त बिना दुलहा क बरात हौ!" असं म्हणून दुसरा पुरवा पुढे करीत. तिसराही. घरी जाऊन नवऱ्याला सांगत, की ह्या दक्खिनी लोकांची भांगेची बूटी काही वेगळीच असते, चढते पण कळत नाही. आमचे वडील रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, सुपारीसुद्धा न खाणारे. पण होळीच्या दुसऱ्या दिवशी कचेरीतले लोक त्यांच्या डोळ्यांत निरखून बघत असत.

ही सगळी किमया गोदाआत्याची. गोदाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान शास्त्र शिकायला म्हणून तिला घेऊन काशीत आले, शिकले, आणि एके दिवशी संन्यास घेऊन निघून गेले. ते हृषीकेशला गेले की आणखी कुठे, कुणाला कळलं नाही. वडिलांची बदली बनारसला झाली आणि आत्या आमच्या घरात आली. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच उरकून टाकतो. तेव्हा आत्या सवाष्ण की विधवा, हे भल्याभल्या शास्त्रीबुवांनाही ठरवता येईना. शेवटी तिनंच ठरवलं. कुंकू लावायचं, पण हळदीकुंकवाला बायकांमध्ये जाऊन बसायचं नाही. "कुणाच्या हातातला करंडा माझ्यापाशी येऊन अडायला नको," ती म्हणे. बाहेर बायका जमल्या की ती आत स्वयंपाकघरात पाटावर बसून पन्हं करी. त्या सोहळ्यात तिचा वाटा काय तो एवढाच, आणि तो मात्र मोठा होता. दुर्गाघाटापासून पंचगंगा घाटापर्यंतच्या मराठी घरांतून बायका आमच्याकडे यायच्या त्या आईच्या आरासीसाठी नव्हे, गोदाताईंच्या पन्ह्यासाठी. आईलाही हे ठाऊक होतं.

उन्हाळा लागला की दुपारी आमच्याकडे खलबत्त्याचा आवाज सुरू होई. तो ऐकला की खालून नावाड्यांच्या हाका येत असल्या, देवळातली घंटा वाजत असली, तरी मला दुसरं काही ऐकू येत नसे. खसखस, मगज, बडीशेप, मिरी आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या एकत्र वाटल्या जात. बेलफळ फोडून त्याचा गर हातानं कुस्करायचा, गाळायचा आणि त्यात कोकणातून आलेल्या आमसुलांचं पाणी सोडायचं, ही आत्याची स्वतःची कल्पना. फालशाच्या सरबतात भाजलेलं जिरं आणि काळं मीठ. खसाच्या पाण्यात आल्याचा रस. बनारसचं फळ आणि कोकणातली आंबट चव यांची सोयरीक जमवायची तिला भारी हौस. कारखान्यातला बर्फ सोवळ्यात चालत नसे, म्हणून सुरईला ओलं फडकं गुंडाळून ती गच्चीच्या सावलीत वाऱ्यावर ठेवायची. हल्ली माझी सून काचेच्या पेल्यात तीन रंग एकावर एक चढवते आणि त्याला मॉकटेल म्हणते. चांगलं करते, खोटं कशाला बोलू? पण ती करता करता दहादा चाखते. आत्याला चाखताना मी कधी पाहिलं नाही. चाखायचं काम माझं असे.

तो आमचा खेळ होता. मी शाळेतून आले की दप्तर उतरायच्या आत आत्या हाक मारी. "शकू, ये. डोळे मीट. सांग, पुढे काय येतंय, मागे काय राहतंय?" मी डोळे मिटून चमचा तोंडात घेई आणि मोठ्या गायकाचं गाणं ऐकल्यासारखा चेहरा करी. "आलं पुढे येतंय. लिंबू मागे पडलंय. और वो मीठ, ते तर आहेच नाही." आमचं मराठी असंच होतं, आई कपाळाला हात लावी. आत्या मात्र हसत नसे. ती लिंबू पिळी, मीठ टाकी, पुन्हा चमचा पुढे करी. "आता?" मी "आता सगळे एका ओळीत उभे आहेत" म्हटलं की तिचा चेहरा असा उजळे, की मला वाटे मी परीक्षेत पहिली आले. आत्या मला शिकवते आहे, तिची विद्या तिला मला द्यायची आहे, अशी माझी पक्की समजूत होती. शाळेत मी ही बढाई मारलेली होती.

आईचं आणि आत्याचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. आई सोवळ्याची कडक. जळणसुद्धा पाणी शिंपडून आत घेणारी. स्वयंपाक तिचा, आणि तो उत्तम. पण आत्या तिच्या हातचं जेवे ते मुकाट. आमटी फर्मास झाली तरी गप्प, आणि एखाद्या दिवशी मीठ दुप्पट पडून आम्ही सगळे पाण्याचे तांबे रिकामे करत असलो तरीही गप्प. वडील म्हणत, "अक्का संतच आहे." आईला तसं वाटत नसे. एकदा भांडी आवरताना ती पुटपुटली ते मी ऐकलं होतं. "सरबताचा एक थेंब कमीजास्त झालेला ज्यांना चालत नाही, त्यांना माझ्या आमटीला एक शब्द नाही. बरी म्हणू नका, वाईट तरी म्हणा." लग्न झाल्यापासून ती त्या एका शब्दाची वाट पाहत होती.

आता त्या शुक्रवारचं सांगते. चैत्रात गौर माहेरी येते, महिनाभर झोपाळ्यावर बसते, आणि अक्षयतृतीयेला परत जाते. त्या महिन्यात एक दिवस प्रत्येक घरी हळदीकुंकू. आमच्याकडे पितळेची गौर, तिच्यापुढे कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, आणि मोठ्या पातेल्यात टिकोऱ्यांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, पन्हं. हे पन्हं देवीचा नैवेद्य, म्हणून ते कुणी चाखायचं नाही. वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. त्यात गिरणीची साखरही चालत नसे, कारण ती हाडांच्या कोळशानं साफ करतात असं आमच्या लोकांत बोललं जाई. म्हणून मिश्री, म्हणजे खडीसाखर, कुटून एका पांढऱ्या बरणीत भरून ठेवलेली असे. तिच्याच जोडीची दुसरी बरणी वरच्या फळीवर. तिच्यात कुटलेली तुरटी. पावसाळ्यात गंगेचं पाणी गढूळ येई तेव्हा हंड्यात चिमूटभर तुरटी फिरवावी लागे, बाकीचं वर्ष ती बरणी कुणी हलवत नसे. त्या वर्षी होळीचा रंग कुणाच्या तरी हातानं फडताळापर्यंत पोचला. आईनं सगळं फडताळ उतरवलं, घासलं, पुसलं आणि बरण्या परत लावल्या.

बायका जमल्या. ओटी भरून झाली, अत्तर लागलं, नैवेद्य झाला. मी पुरवे वाटत होते, म्हणून सगळ्यांचे चेहरे मला समोरून दिसले. पहिला घोट घेतला दामलेकाकूंनी. त्या आमच्या बायकांत वयानं मोठ्या, त्यांचे यजमान वेदपाठशाळेत शिकवत आणि सोवळ्याच्या बाबतीत काकूंचा शब्द शेवटचा. काकूंनी घोट घेतला आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले. मग शेजारणीचे, मग तिच्या शेजारणीचे. प्रसाद तो, थुंकता येत नाही, टाकता येत नाही, आणि गिळवत तर नाहीच. खोलीभर बायका गाल फुगवून एकमेकींकडे बघत बसल्या. खालून मणिकर्णिकेकडे एक अंत्ययात्रा चालली होती. अशा वेळी एरवी कुणीतरी उठून खिडकी लावून घेई, त्या दिवशी रामनामाचा घोष सरळ आत येत राहिला. शेवटी मिसिराइन चाचीच उठल्या. "हे माई! ई का पिया देलू, बहिनजी?" असं तोंडातल्या तोंडात ओरडत त्या सज्जाकडे धावल्या आणि खाली कोण आहे ते न बघता मोकळ्या झाल्या.

आईनं एक पुरवा उचलून ओठांना लावला. तिचा चेहरा लिंबाच्या फोडीसारखा आक्रसला. "वन्सं," तिनं आत हाक मारली, "पन्ह्यात काय पडलंय, बघा हो जरा." आत्या उंबऱ्याशी आली. बायकांमध्ये ती प्रथमच अशी येऊन उभी राहत होती. तिनं आईच्या हातून पुरवा घेतला, आणि आम्ही सगळ्या बघत असताना तो संथपणे, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ओठ पुसले. जरा विचार केला. "टिकोरे फार कोवळे निघाले," ती म्हणाली. "तोंड ओढतंय थोडं. वेलदोडाही कमी पडला असेल. बाकी ठीक आहे की."

मी आयुष्यात बरेच धक्के खाल्ले. माणसं गेली, घर सुटलं, बनारसही सुटलं. पण तेव्हासारखा धक्का पुन्हा बसला नाही. दामलेकाकूंचा हात करंड्यावर तसाच राहिला. आई आत्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि आत्या एकेक चेहरा बघत होती. त्या चेहऱ्यांवरून तिला हळूहळू कळत गेलं की आपण काहीतरी भयंकर चुकीचं बोललो. तिनं माझ्याकडे पाहिलं. रोज दुपारी पाही तसंच. पुढे काय येतंय, मागे काय राहतंय? मला सगळं एका क्षणात समजलं. आत्याला चव लागतच नव्हती. ती मला काही शिकवत नव्हती. तिच्या तोंडात जीभ नव्हती, ती जीभ मी होते.

बायका गेल्यावर आईनं फडताळ उघडून दोन्ही बरण्या खाली घेतल्या, दोन्हींत बोट बुडवून चाखलं आणि मटकन खाली बसली. "बरण्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली," ती म्हणाली. "तुमची काही चूक नाही." पण आता चूक कुणाची हा प्रश्नच राहिला नव्हता. वडील कचेरीतून आले तेव्हा आत्या पाटावर बसून होती. विचारल्यावर तिनं सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"ते गेले त्या वर्षी मला ताप आला होता. उठले तेव्हा शेजारणीनं पेज भरवली. काही लागेना. मला वाटलं, पेजच तशी असेल. मग लोणचं मागितलं. तेही तसंच. वासही गेला होता."

"अक्का, अगं, इतकी वर्षं! सांगितलं का नाहीस?" वडील अक्षरशः ओरडले.

"काय सांगू? तुझ्या घरात माझं काम काय, तर सरबतं नि पन्हं. जिभेवाचून आचारी कोण ठेवतं रे? आईकडे शिकलेली मापं हातात होती. आणि पुढे शकू होती."

आई एकदम म्हणाली, "आणि माझी आमटी?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. "मला काय ठाऊक, सुमती? गरम असते, एवढं कळतं."

आई उठून सज्जात गेली. ती रडत होती की हसत होती, ते मला पाठीमागून कळलं नाही. मला स्वतःला मात्र राग आला होता, आणि तो कशाचा ते उमजत नव्हतं. माझी हुशारी म्हणून मी जी मिरवत होते, तिच्यावर एक बाई आपला मान सांभाळून होती, आणि मला त्यातलं काही सांगायची तिला गरज वाटली नव्हती. आज वाटतं, सांगितलं असतं तर मी घाबरून प्रत्येक चमच्याला "छान" म्हटलं असतं. तेव्हा इतकी अक्कल नव्हती. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या कुशीत जाऊन झोपले.

दुपारचा खलबत्ता बंद झाला. दामलेकाकूंचा निरोप आला, की गोदाताईंनी आता विश्रांती घ्यावी, पुढल्या वर्षी सगळ्यांचं पन्हं काकूंच्या घरूनच येईल. निरोप अगदी गोड शब्दांत होता. तो ऐकून आत्यानं लुगडी आवरायला घेतली. निराधार बायकांसाठी एक आश्रम होता, तिथे ती जाणार म्हणे. वडील समजूत घालून थकले. मी रडून थकले. आईनं समजूतही घातली नाही आणि ती रडलीही नाही. "जायचं तर जा, वन्सं," ती म्हणाली. "पण अक्षयतृतीयेचं पन्हं करून मग जा. मी बायकांना पुन्हा बोलावलंय."

आत्या आ वासून बघत राहिली. मीही. ज्या पन्ह्यानं अब्रू गेली तेच पन्हं, त्याच बायकांना? आई सूड उगवते आहे, असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू. आत्यालाही तेच वाटलं असणार. अक्षयतृतीयेला सकाळी उठून तिनं कैऱ्या उकडल्या, गर काढला, केशर खललं. मिश्रीची बरणी तीनदा उघडून तीनदा बंद केली. मला जवळ येऊ दिलं नाही. नैवेद्याला मुलीचं उष्टं लावायचं पाप तिला नको होतं.

संध्याकाळी बायका आल्या, पण टाचा उंचावून आत डोकावत आल्या. तमाशा कुणाला नको असतो? दामलेकाकू पुढेच बसल्या. आई सोवळं नेसून पन्ह्याचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि तिनं ते गौरीपुढे ठेवलं. पाणी फिरवण्यासाठी पळी उचलली असं आम्हांला वाटलं. तिनं ती पळी पातेल्यात बुडवली, हातावर पन्हं घेतलं आणि चाखलं.

कुणाच्या तरी हातातलं ताट खाली पडलं. आमच्या आईनं, जळणावर पाणी शिंपडणाऱ्या बाईनं, देवीच्या डोळ्यांसमोर नैवेद्य उष्टा केला होता. आता छत कोसळेल असं मला खरोखर वाटलं, आणि मी वर पाहिलं.

"सुमती!" दामलेकाकू उभ्याच राहिल्या. "भ्रमिष्ट झालीस की काय? नैवेद्य उष्टा केलास!"

आईचा आवाज कापत होता, पण स्पष्ट होता. "गौर माहेरी आलीय, काकू. आज जायचीय. माहेरपणाला आलेल्या लेकीला कुठली आई न चाखता वाढते? मागल्या खेपेला न चाखता पाजलं आणि काय पाजलं ते तुम्ही पाहिलंत." मग तिनं आत तोंड करून हाक मारली. "वन्सं, बाहेर या. कैरी पुढे येतेय. मिश्री मागे राहिलीय, मूठभर हवी. वेलदोडा बरोबर आहे."

पुढे येतेय, मागे राहिलीय. हे आमचे शब्द होते, माझे नि आत्याचे. आई त्या खेळात कधी नव्हती. भिंतीपलीकडे भांडी घासत ती रोज ऐकत होती तर! आत्या मिश्रीची बरणी छातीशी धरून उंबऱ्यात आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं मूठभर मिश्री पातेल्यात सोडली, पळीनं ढवळलं आणि पळी आईपुढे केली. "आता?" तिनं विचारलं.

आईनं पुन्हा चाखलं. "आता सगळे एका ओळीत आहेत."

दामलेकाकू पन्हं न घेता निघून गेल्या आणि पुढे कित्येक दिवस आमच्या जिन्याकडे फिरकल्या नाहीत. आणखीही काहीजणी उठल्या. आईला त्या रात्री ताप भरला आणि तिनं गंगेवर जाऊन प्रायश्चित्ताचं स्नानही केलं. ती काही बंडखोर बाई नव्हती. पण ज्या बसल्या त्यांनी पन्हं प्यायलं, मागून घेतलं, आणि मिसिराइन चाचींनी तर सज्जाची वाट आधी नीट पाहून ठेवून चार पुरवे रिचवले. लुगड्यांचं गाठोडं सुटलं. आश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही.

आईचा ताप उतरला त्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. आईनं आत्याला आमटी वाढली आणि वाढून पुढे न जाता तिथेच तिच्या ताटाशी बसली. आत्यानं पहिला घास घेतला.

"आमसूल पुढे आहे," आई हलक्या आवाजात सांगू लागली. "गूळ त्याच्या मागोमाग. डाळ आज जरा जास्त शिजलीय, म्हणून सगळं मऊ लागतं. फोडणीतली मेथी करपली थोडी, ती अगदी शेवटी येते, कडवट."

आत्या डोळे मिटून, सावकाश, एकेक घास ऐकत जेवली. वाटी रिकामी झाल्यावर तिनं डोळे उघडले.

"छान झालीय गं आमटी, सुमती," ती म्हणाली.

आई भात आणायला म्हणून घाईघाईनं उठून आत गेली. भाताचं पातेलं आमच्या समोरच होतं.